चहा काय मोजायचा?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या या कॅराव्हानच्या, म्हणजे राहायच्या गाड्यांच्या, तळावर व्हेरा पहिल्यांदा आली तेव्हा इथे वीजच नव्हती, कंदील होते. आज ती कचेरीत दुधासाठी रांगेत उभी होती. पुढचं म्हातारं जोडपं, डेन्झिल आणि ईनिड, व्यवस्थापकाशी बोलत होतं.

“अहो, हीटर लावला की थोड्या वेळानं सगळी वीजच जाते,” डेन्झिल म्हणाला. “कालपासून तीनदा गेली.”

“आज परत गेली, तर आमच्या गाडीवर ‘विकणे आहे’ची पाटी लावणार मी. सांगून ठेवते,” ईनिड म्हणाली.

“ऐकलंत? तीस वर्षं जपलीय हो ती गाडी!”

“तुमच्या खांबावरून वीज बेताचीच मिळते, काका,” व्यवस्थापक म्हणाला. “ हीटरबरोबर आणखी काय चालू होतं?”

“काही नाही. दिवासुद्धा नाही.”

“आठवा बरं. वीज गेली तेव्हा काय करत होतात?”

“कुडकुडत होतो. हिनं चहा ठेवला होता.”

“विजेच्या किटलीत?”

“मग काय ह्याच्या टोपीत?” ईनिड म्हणाली.

“बाई, म्हणजे किटली चालू होती की!”

“चहा काय मोजायचा? तो तर असतोच.”

“एका वेळी एकच चालेल. हीटर बंद करा, चहा करा, मग हीटर लावा.”

“पण हीटर बंद केला की मला थंडी वाजते.”

“थोडी वाजणारच.”

“आणि थंडी वाजली की मी चहा ठेवते.”

“ठेवा ना.”

“मग हीटर लावायचा कधी?”

व्यवस्थापकानं डेन्झिलकडे पाहिलं. डेन्झिलनं छताकडे.

“ईनिड, मग पाटी लावायची का गं?”

“पाटी कसली? माझा जाड कोट काढ. आणि दूध दोन बाटल्या घे.”