अळीनं पाडलेली खिडकी

आई : हळू बोला अप्पा, ती शाळेतून यायची वेळ झालीय. आणि ती माती जरा दाबा. नवीन लावलंय हे कळता कामा नये.

आजोबा : मी नाही दाबणार. नर्सरीतून रोप तू आणलंस, तूच दाब. मी तुझा बाप आहे, साथीदार नाही.

आई : तिचं टोमॅटोचं रोप मेलं, त्या जागी दुसरं लावलं. पोरीचं मन राखलं, दरोडा नाही घातला.

आजोबा : पाणी जास्त झालं म्हणून मूळ कुजलं. तिच्याच हातून झालं. कळू दे की तिला.

आई : सात वर्षांची आहे ती!

आजोबा : बी तिनं पेरलं होतं. आधी घरात फरशीवरसुद्धा चपला लागायच्या या पोरीला. आता दप्तर टाकलं की अनवाणी मागच्या अंगणात. गांडूळ तळहातावर घेऊन मलाच दाखवते, ‘बघा, गुदगुल्या करतंय.’ आणि आज पहिल्यांदा तिचं काहीतरी गेलं, तर तू मधे आडवी.

आई : काल रात्री आमच्या वॉर्डात दोन माणसं गेली, अप्पा. दोघांच्याही घरच्यांना मीच सांगितलं. सकाळी घरी येऊन आणखी एकीला तेच सांगायचं नव्हतं मला. झालं समाधान?

आजोबा : हे बोलली नाहीस.

आई : विचारलंत कुठे?

आजोबा : नाही विचारलं. चुकलंच. सरक, दाबतो मी.

(भिंगरी दप्तरासकट मागच्या दारातून येते.)

भिंगरी : माझ्या वाफ्यात काय चाललंय तुमचं?

आई : काही नाही गं. तुझं रोप बघत होतो. केवढं वाढलंय बघ एका दिवसात!

भिंगरी : हो. छान आहे.

आजोबा : आज झारी नाही आणलीस?

भिंगरी : नको. याला आधी इथली सवय होऊ दे.

आई : इथली सवय... म्हणजे?

भिंगरी : आई, माझ्या रोपाला सहा पानं होती. आणि एका पानाला अळीनं खिडकी पाडली होती. याला खिडकी कुठेय?

आजोबा : घ्या.

भिंगरी : आणि सकाळीच त्यानं मान टाकली होती. मी बघूनच शाळेत गेले.

आई : मग मला का नाही सांगितलंस?

भिंगरी : तू रात्रपाळी करून आली होतीस. डोळे लाल होते तुझे. म्हटलं, झोपू दे.

आई : अगं बाई...

भिंगरी : माझं रोप टाकून दिलंस?

आई : बादलीत आहे. वर कागद टाकलाय.

भिंगरी : मला मूळ बघायचंय. आजोबा, काढा ना.

आजोबा : हे घे. काळं पडलंय, बघ. बोटानं दाबलं की लगदा होतो.

भिंगरी : मी पाणी जास्त घातलं म्हणून?

आजोबा : ते तुझ्या आईला विचार.

आई : हो राणी. तू जास्त घातलंस म्हणून.

भिंगरी : मला वाटलं, त्याला तहान लागली असेल.

आई : ये इकडे. ये, ये.

भिंगरी : तुझा ड्रेस मळेल. हाताला चिखल आहे माझ्या.

आई : मळू दे. रड हवं तेवढं.

आजोबा : दोघींनी मिळून त्या नव्या रोपावर रडू नका. त्यालाही पाणी जास्तच होईल.

भिंगरी : आजोबा! बिया उरल्यात का?

आजोबा : डबीत चार आहेत.

भिंगरी : एक आईला द्या.

आई : मला नाही गं येत. आयुष्यात कधी काही पेरलं नाही मी.

भिंगरी : सोप्पं आहे. चपला काढ आधी. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. वर माती नुसती भुरभुरायची, थापायची नाही. आणि उकरून बघायचं नाही.

आई : मग आत काय चाललंय ते कळायचं कसं?

भिंगरी : नाही कळत. नुसतं शेजारी बसायचं.