भिंत पाडल्यावरचा रंग

पुंडलिकनगरच्या रंगाच्या दुकानात माझा डबा मशीनवर हलत होता. बाकावर एक नवरा-बायको शेडकार्ड उलटत बसले होते.

"हा बदामी बघ. अन् हा सायीचा."

"दोन्ही एकच दिसायलेत."

"नाय, द्वारका. हा जरा उबदार हाय. भिंत पाडून हॉल अन् किचन एक केलं, आता रंग बी एकच पाहिजे."

"घ्या मग कोणता बी."

"मघापासनं कोणता बी, कोणता बी करायलीस! दिवसभर तुलाच बघायचाय."

"मला कुठला दिसतोय? मीच दिसते सगळ्यांला."

"म्हंजी?"

"भिंत होती तवा कुकर लावला की तिच्यामागं घटकाभर पाय पसरून बसायची. आता मामंजी सोफ्यावरनं बघतेत. म्हणतेत, बसलीच हायस तर चहा टाक."

"मग पाडताना बोलायचं ना."

"रंगाचं विचारायलेत तुम्ही. भिंतीचं विचारलं होतं का?"

तो पुन्हा शेडकार्ड उलटू लागला. बाई दुकानदाराकडं वळल्या.

"भाऊ, हितं जवळ पडद्याचं कापड कुठं मिळंल?"

"समोरच्या गल्लीत. कोणत्या रंगाचं पाहिजे, ताई?"

"कोणत्या बी. फक्त जाड पाहिजे."