फोटोत आई कुठे आहे

—तिखटाचं म्हणाल तर, सुमनताई, पहिल्याच आठवड्यात आमच्या सासूबाईंनी मार्टाच्या वरणाचं भांडं वेगळं केलं. मतलब, विटाळाचं वेगळं नाही हं, चुकीचं समजू नका, बिनफोडणीचं वेगळं. आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही मिशनकडून आलात, तुम्हाला तिकडे कळवायचं असेल की आमची स्वयंसेविका यजमानांच्या घरी रुळली का नाही. रुळली. बिलकुल रुळली. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये जर्मनीची मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या लाटते, आणखी काय रुळायचं असतं? माझ्यापेक्षा गोल होतात तिच्या. मी एमएस्सी केमिस्ट्री, पण कणकेची आणि माझी रिॲक्शन काही झाली नाही — ते राहू दे. वरची खोली दिलीय तिला. माकडं फार आहेत इकडे, म्हणून माझ्या नवऱ्यानं, पुष्करनी, स्वतः जाळी बसवली खिडकीला. रविवारी बँकेला सुट्टी असते तर तोच तिला चर्चला सोडून येतो. जेवणाआधी ती डोळे मिटते तेव्हा आम्ही सगळे हात आवरून बसतो, आणि तिनं डोळे उघडले की सासूबाई विचारतात, झालं का गं तुझं, वाढू का? आता ह्याहून काय करायचं माणसानं.

पाणी तरी घ्या ना. सरबत करते — नको? बरं.

फोटो. हो, तो फोटो. मला वाटलंच होतं तुम्ही त्यासाठी आलात. ती भाबडी आहे हो, तिनं तो आपल्या गावच्या चर्चला पाठवला, तुम्हालाही पाठवला, आणि कुणाला तरी वाटलं असणार की ह्या हिंदू लोकांनी आमची पोरगी पूजेला बसवली. तर त्यात पूजा काही नव्हती, सुमनताई. तुम्ही नगरच्या, तुम्हाला उष्टावण म्हणजे काय ते मी काय सांगायचं. बाळाला पहिला घास. मामा येतो, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवतो, बस. माझा भाऊ शंतनु त्यासाठी इंदूरहून आला होता. देवापुढे दिवा होता, पण तो तर रोजच असतो. कुंकू तिनंच मागितलं. साडी माझी आहे, चंदेरी, मीच नेसवली तिला, निऱ्या धरून, पिना लावून. जबरदस्ती कुणी म्हणजे कुणी केली नाही. पाहिजे तर तिलाच विचारा, आता येईलच ती तुमच्या मिशनच्या वसतिगृहातल्या मुलांचं आटपून—

काय म्हणालात?

धर्माचं नाही. मग?

अच्छा. मुक्ता मार्टाच्या मांडीवर आहे, तर आई कुठे आहे.

फोटो मी काढत होते ना. आता फोटो काढणारी फोटोत कशी येणार. नाही, कळलं मला, पाटावर आईनं बसायचं असतं, तुम्हाला ते दिसणारच, जर्मनीवाल्यांना नाही दिसलं. आधी मीच बसले होते हो. रांगोळी घातलेली, औक्षणाचं ताट तयार, आणि मुक्तानं पाठीची कमान केली ती केलीच. रडून रडून लाल. सासूबाईंच्या मावसबहीण आलेल्या, विजयाबाई, दौलतगंजहून, त्यांना परतायची घाई. मार्टा तिथेच दाराशी उभी होती आणि मुक्तानं तिच्याकडे हात केले. मग मी उठले. मला कुणी ऊठ म्हणालं नाही, हे लक्षात घ्या. सासूबाई म्हणत होत्या, मंजिरी, बसून राहा, रडेल आणि गप्प होईल. मीच म्हटलं, घास जाण्याशी मतलब, मांडी कुणाची का असेना. आणि खरंच, मार्टा बसली तशी ही गप्प. शंतनुकडून अशी खीर खाल्ली जशी काही रोजचीच सवय. विजयाबाई बोलल्याच — बघा बाई, मेमसाहेबाच्या मांडीवर पोरगी आणि आई झालीय फोटोवाली. सगळे हसले. मीही हसले. चांगला आलाय ना फोटो? खिडकीचा उजेड बरोबर पकडला मी.

असं नका बघू. वाईट वाटलं असेल म्हणता — नाही वाटलं. तेच तर. वाटायला पाहिजे होतं, हे मला माहीत होतं, मी वाटही पाहिली जरा, की आता वाटेल. नाही वाटलं. उठल्यावर मांडी हलकी झाली, तेवढं लक्षात आहे. तुम्हाला कसं सांगू — लग्नाच्या गर्दीत एखादी बाई तुमच्या हातात आपली पर्स देते ना, जरा धरा हं, मी आलेच, आणि गायब होते. तुम्ही ती नीट धरता. खाली ठेवत नाही, उघडत नाही, कुणाला देत नाही. जेवायलाही बसत नाही तिच्यापायी. पण तुमची नसते ना ती. तशी मी मुक्ताला धरते. अगदी नीट. बाळाचं संगोपन ह्या विषयावर मी वाचलंय खूप, मानेखाली हात कसा घ्यायचा, ढेकर कशी काढायची, विचारा काहीही. त्यात हे एक कुठे दिलेलं नाही.

हे मी तुम्हाला का सांगतेय? मार्टाबद्दल बोलत होतो आपण.

तिनं सांगितलं? काय सांगितलं तिनं?

जागा बदलून मागतेय. आमच्याकडून — पण का, आम्ही काही — मुलीला माझा लळा लागलाय, असं म्हणाली. ऑगस्टमध्ये मी परत जाणार, मग तिचं काय, असं. आणि मी मध्ये आले म्हणून आई मागे राहते, असंही. एकोणीस वर्षांची आहे हो ती. एकोणीस वर्षांच्या मुलीला हे दिसलं, आणि सासूबाई म्हणतात मंजिरीचा स्वभावच अबोल.

हे बघा सुमनताई, ऑगस्टपर्यंत राहू द्या तिला. मुक्ताला नाही देणार मी तिच्याकडे, पाहिजे तर. मतलब, कमी देईन. ती नुसती घरात असली तरी चालेल. सकाळी पुष्कर बँकेत जातो, सासूबाई भजनाला नाहीतर नया बाज़ारला, आणि मग दुपारी मार्टा येईपर्यंत घरात मुक्ता आणि मी, आम्ही दोघीच असतो. मी तिला पाळण्यात ठेवते, सगळं बघून ठेवते, दूध झालेलं, लंगोट बदललेला, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. बादली भरते. मग ओतून पुन्हा भरते. फाटक वाजलं, मार्टा आली, की बाहेर येते. ती समजते मी कपडे धुतले. — नाही, तसं काही नाही माझ्या मनात, तुम्ही समजताय तसं काही नाही, मी मुक्ताला कधी बोटही लावलेलं नाही. तेच तर, लावत नाही.

उठली वाटतं. हो, तीच रडतेय. रडू दे जरा, फुफ्फुसांना चांगलं असतं असं सासूबाई म्हणतात. तुम्ही बसा. नाही, तुम्ही नका जाऊ आत. तुम्ही घेतलीत की गप्प होईल ती, सगळ्यांकडे होते, आणि मग तुम्हीही माझ्याकडे बघाल तसं. सगळे बघतात. पुष्करही, झोपलेली त्याच्या खांद्यावर, वरून असं हळूच.

डॉक्टरीण ओळखीची आहे म्हणता. बाळंतपणानंतर होतं पुष्कळ जणींना. होत असेल. घ्या तिची वेळ, मी येईन. येईन म्हटलं ना. पण मार्टाची बॅग मात्र आज नेऊ नका. नाहीतर असं करा — आजच न्या. ती यायच्या आत. ती निरोप घ्यायला लागली तर मुक्ता तिला सोडणार नाही, आणि मग सोडवून मलाच घ्यावी लागेल, सगळ्यांसमोर. वरच्या खोलीला कुलूप नाहीये, तुम्ही—

थांबा.

गप्प झाली. अशी एकदम नाही होत ती. आधी हुंदके येतात, मग अंगठा चोखते, तो आवाज येतो. आवाज नाहीये. तुम्ही बोलू नका जरा, मला ऐकू द्या. पाळण्याची दोरी मी वर बांधली होती का? दुपटं मी — सरका. सरका, सुमनताई, वाट सोडा.