पाळण्यातला दगड

माझे कागदावरचे नाव हवालदारसाहेबांनी वेगळे लिहून घेतले आहे. कामावर मला सगळे भिंगरी म्हणतात, कारण मी एका जागी टिकत नाही. वय बावीस, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा मजुरी. राहणार, नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावरील पत्र्याची शेड. घर लांब आहे. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

सदर कामावर माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, पाथरवट आहेत. मला त्यांनीच कामावर आणले. आमची शेड नदीच्या अलीकडे, उंचावर आहे. पलीकडे खालच्या सपाटीवर कॉम्प्रेसर आणि सिमेंटचा तंबू होता. ये-जा करायला तारेवर लोखंडी पाळणा आहे. त्यात एकच माणूस मावतो. दोन्ही काठांवरून तो दोराने ओढता येतो, पण साखळी फक्त अलीकडच्या काठाला आहे; ती लावली की पलीकडून कितीही ओढा, हलत नाही. म्हणून माणूस पलीकडे राहिला तर पाळणाही पलीकडेच ठेवायचा, असा नियम आहे. रिकामा पाळणा वाऱ्याने उलटतो, म्हणून पाठवताना त्यात दगड ठेवतात. बसणाऱ्याने आधी दगड काढून काठावर ठेवायचा, कारण माणूस आणि दगड, दोघांना जागा नाही. दगड ठरलेला आहे. दाजींनीच तो घडवला, धरायला वर खाच पाडली.

यंदा भर उन्हाळ्यात आठवडाभर पाऊस लागून राहिला. काल दुपारी जीप फिरून गेली, भोंग्यावरून सांगितले की वर डोंगरात फार पाऊस आहे, नदीकाठ सोडा. मुकादमाने सगळ्यांना अलीकडे घेतले. दाजींना म्हणाला, "तू थांब, कॉम्प्रेसरवर लक्ष ठेव."

दाजी म्हणाले, "आणि पाणी चढलं तर?"

"पाळणा आहे की तुझ्याकडे. बस आणि ये."

इतरांच्या फेऱ्यांना पाळणा परत सोडताना साधे धोंडे घातले, ते पलीकडेच राहिले; ठरलेला दगड अलीकडे होता. शेवटी मुकादम पाळण्यातून आला. मग मीच पाळण्यात ठरलेला दगड ठेवला आणि पाळणा परत सोडला. दाजींनी पलीकडे पाळणा धरला आणि ओरडून म्हणाले, "मेहुण्या, ह्या दगडाकडून शीक काहीतरी! बसवला तिथं बसतो." सगळे हसले. मीपण हसलो.

दिवस मावळताना मुकादम बाहेर गेला आणि नखशिखांत भिजून आला. आचाऱ्याने विचारले, "कुठे गेला होतात?" तो म्हणाला, "लघवीला." आचारी म्हणाला, "लघवीला की पोहायला?" मुकादम हसला नाही. चहाचा ग्लास त्याने बोटांच्या टोकांनी धरला होता. दोन्ही तळवे सोलल्यासारखे लाल होते. तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. पत्र्यावर पाऊस इतका होता की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. पलीकडून कोणी हाक मारली नसेल, असे मी म्हणत नाही.

आज सकाळी सपाटीवरून पाणी वाहत होते. तंबू नाही, कॉम्प्रेसर नाही. पाळणा अलीकडे, साखळी लावलेली. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "बघा, पाळणा इकडे आहे. म्हणजे हा आला आणि माल सोडून पळाला. बसला असेल कुठेतरी तोंड लपवून." लोकांनी माना डोलावल्या. पाळणा इकडे होता हे खरेच होते.

मी पाळण्यात वाकून पाहिले. दगड आत होता.

मी विचारले, "दाजी यात बसून आले, तर दगड कुठे होता? मांडीवर?"

मुकादम म्हणाला, "उतरल्यावर ठेवला असेल परत."

दाजींनी दगड काढला असता तर तो पलीकडच्या काठावर राहिला असता आणि तंबूबरोबर वाहून गेला असता. मी असे म्हणताच मुकादमाने दगड नदीत टाकायला हात घातला. मी पाळण्यात चढून दगडावर बसलो. त्याने शिव्या दिल्या, मग गोड बोलला, मग पुन्हा शिव्या दिल्या. मी उठलो नाही. आचाऱ्याने चहा आणून दिला, तोही तिथेच बसून प्यायलो. दुपारी सामानाची गाडी आली तेव्हा तीत बसून, दगड मांडीवर घेऊन इथे चौकीत आलो.

माझा संशय असा की, पाणी चढले तर दाजी माल सोडून येतील म्हणून मुकादमाने पाळणा गुपचूप अलीकडे ओढला आणि साखळी लावली. त्याला माणूस मारायचा होता असे माझे म्हणणे नाही. त्याला कॉम्प्रेसर राखायचा होता.

मुकादमाने माझ्या बहिणीला परस्पर फोन केला आहे. तिने मला विचारले, "तुमचं भांडण झालं होतं का रे? गेले कुठे?" मी म्हणालो, भांडण नव्हते. दुसरे काही अजून सांगितलेले नाही. पळालेल्या माणसाला नदीत कोणी शोधत नाही, म्हणून आधी इथे आलो.

दगड साहेबांच्या टेबलाजवळ आहे. तो पंचनाम्यात घ्यावा. सकाळपर्यंत दाराला टेकू म्हणून लावू नये.

हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. एका जागी 'पळून गेलेला इसम' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आणि त्या जागी 'माझे दाजी' लिहवून घेतले. आता बरोबर आहे. सही करतो.