चांदी गुंडाळलेला फ्यूज

...आणि वर मलाच म्हणतात, "वहिनी, तुम्ही कशाला हात घातलात?" आता हात नाही तर काय पाय घालू? नाही, तुम्हीच सांगा! बदलायचं काय होतं? एक फ्यूज होल्डर! इंजिन नाही, चाक नाही, हँडल नाही. फ्यूज जिथे बसतो ती बोटभर डबी. जुनी काढायची, नवी लावायची, संपलं. तर त्यावरून घरात असा हलकल्लोळ, की जणू मी सासूबाईंचं ऑपरेशन घरच्या घरी करायला घेतलंय!

तुम्हाला सांगते, गाडी आमच्या ह्यांची, जुनी विलायती मोटारसायकल. आमच्या लग्नाच्या आधीची, म्हणजे घरात ती थोरली आणि मी धाकटी. मानही तसाच! धुवायची तर आधी ती, पुसायची तर आधी ती, आणि मी "अहो, जेवायला वाढलंय" म्हणून ओरडतेय. हे गेले त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून ती बिचारी चादर पांघरून शेडमध्ये उभी.

मागच्या आठवड्यात धाकटे दीर आले. बसले. घसा खाकरला. भावोजींनी घसा खाकरला ना, की समजावं, घरातलं काहीतरी जाणार. "वहिनी, मी काय म्हणतो... रविवारी एक गिऱ्हाईक आणतो. दादाची आठवण आहे, मान्य. पण आठवणीला इतकी जागा कशाला? धड चालत तर नाही ती."

म्हटलं, चालते!

"कुठे चालते? खड्डा आला की बंद!"

आता हे मात्र खरं होतं. खड्डा आला की दिवा गेला, हॉर्न गेला, गाडी गेली. मग ह्यांनी उतरायचं, सीटवर एक बुक्की हाणायची, की बाई पुन्हा सुरू! वर आम्हालाच ऐकवायचे, "प्रेमाची भाषा कळते तिला." बुक्की म्हणजे प्रेम? पण नाही, ऐकतंय कोण!

तर मी तावातावाने म्हटलं, "भावोजी, रविवारी टेकडीपर्यंत नेते आणि न थांबता परत आणते. आणली, तर गाडी इथेच राहील. वाटेत बंद पडली, तर चावी मी माझ्या हाताने तुमच्या गिऱ्हाइकाला देईन." बोलून बसले! जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही. सासूबाई आत बसून सगळं ऐकत होत्या. हल्ली त्या बोलतच नाहीत. मुलगा गेल्यापासून फाटकाबाहेर पाऊलसुद्धा नाही.

सीटवर बुक्की बसते त्याच्या खालीच फ्यूजची डबी, म्हणजे दुखणं तिथेच, म्हणून मी गेले स्पेअर पार्टच्या दुकानात. म्हटलं, फ्यूज होल्डर द्या. तो म्हणतो, "गाडी कोणाची?" माझी. "नाही, म्हणजे चालवतं कोण?" मी. "बरं, बसवणार कोण?" मीच! "ताई, असं करा, साहेबांना पाठवून द्या." म्हटलं, पाठवले असते हो, पण ते जिथे गेलेत ना, तिथून कोणाला रजा मिळत नाही! बिचाऱ्याचा चेहरा इतका पडला, की चपट्या पिनांचा, झाकणवाला, अगदी नवा होल्डर काढून दिला आणि वर एक जादा फ्यूज पुडीत बांधला. हे सगळं कशासाठी? बदलायचं काय होतं? एक फ्यूज होल्डर!

शनिवारी सीट उघडली. आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या, तेवढं मला कळतं. जुना होल्डर हातात घेतला, तर काय त्याची दशा! गंजलेला, आतली स्प्रिंग अशी मरगळलेली, की खड्डा आला की फ्यूज मोकाट सुटणारच. बुक्कीने काय व्हायचं, तर तो परत जागेवर बसायचा. हीच ती प्रेमाची भाषा! आणि आतला फ्यूज काढला... तो फ्यूज नव्हताच हो! म्हणजे होता, काचेचा, पण केव्हाच जळून गेलेला, आणि त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळलेली! हा माणूस चारचौघांत छाती काढून सांगायचा, "आपल्या गाडीचा फ्यूज कधी उडत नाही!" अहो, उडेल कसा? चांदी कधी उडते का? अख्खी गाडी जळून खाक झाली असती, पण ह्यांचा फ्यूज शाबूत!

...छातीत दुखतंय तेही असंच चांदी गुंडाळून ठेवलं होतं त्यांनी. कळलं तेव्हा सगळंच जळून गेलं होतं.

असो.

तर नवा होल्डर बसवला. वायरी सोलल्या, जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. रविवारी सकाळी बॅटरी जोडली आणि हात धुवायला आत गेले. बस, तेवढीच चूक! दीर आणि त्यांचं ते गॉगलवालं गिऱ्हाईक येऊन ठेपले होते. बाहेर येते तर भावोजी पाना घेऊन गाडीत वाकलेले! "वहिनी, बरं झालं मी बघितलं. तुम्ही प्लस टोक सांगाड्याला जोडलं होतं. सगळ्या जगात मायनस जोडतात! दिलं नीट करून." आणि मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत चावी फिरवलीसुद्धा.

टक्!

फ्यूज उडाला. दिराने सवयीने सीटवर बुक्की मारली. पुन्हा मारली. गॉगलवाला घड्याळ बघायला लागला. "वहिनी, गाडीतच दम नाही हो..."

आता माझ्या हातात काय, तर पुडीतला एकच फ्यूज. हाही उडाला तर गाडी गेली. मी वायरी बघितल्या, आणि प्लसच्या वायरीच्या टोकाला, आणि सांगाड्यावर ती जिथे कसायची तिथे, ह्यांनी खूण म्हणून लावलेला लाल ठिपका दिसला. माझं नेलपॉलिश! एका बाटलीसाठी मी सगळं घर उलथंपालथं केलं होतं, आणि हा गृहस्थ शांतपणे पेपर वाचत "कुठे ठेवलीस गं?" विचारत होता!

दीर म्हणाले, "दादाचं घाईत चुकलं असेल."

नाही, पण विचार करा. एकीकडे सगळं जग, दुसरीकडे चांदी गुंडाळणारा नवरा. विश्वास कोणावर ठेवायचा? मग म्हटलं, अगं, फ्यूज उडाला म्हणजे काय झालं? इथे चुकतंय, असं कोणीतरी वेळेवर सांगितलं! त्यासाठीच तर तो आणला. उलट्या वायरी पुन्हा ह्यांच्या ठिपक्याप्रमाणे जोडल्या, शेवटचा फ्यूज लावला, देवाचं नाव न घेता ह्यांचंच घेतलं, आणि चावी फिरवली.

दिवा लागला! म्हणजे ही बाई खरंच सगळ्या जगाच्या उलटी! किक मारली. धडधडली हो!

तेवढ्यात मागून आवाज, "थांब. मी येते." बघते तर सासूबाई. पायात चपला!

"आई, वाटेत बंद पडली तर?"

"पडली तर ढकलू."

दीर म्हणतात, "आई, अगं वय काय तुझं?" तर त्या म्हणतात, "तू फाटक उघड."

निघालो. टेकडीच्या चढावर गाडी हमखास बंद पाडणारा तो खड्डा आला... चाक आदळलं, सासूबाईंची बोटं माझ्या खांद्यात रुतली... आणि दिवा चालू! हॉर्न चालू! मी उगाचच वाजवत सुटले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मागून एवढंच ऐकू आलं, "तोही असाच वाजवायचा. वेडा."

न थांबता परत आलो. गॉगलवाला पुढे झाला, "आता तर घेतोच मी!" सासूबाई उतरता उतरता म्हणाल्या, "घरातलं माणूस विकत नाहीत. सरका."

गाडी राहिली! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई चपला घालून फाटकात. "नदीकडे." परवा, "तुझ्या मावससासूकडे." काल टेकडीच्या पार पलीकडे! मी म्हटलं, आई, आज जरा बाजारात जाऊ या का? तर "बाजार काय, रोजचाच आहे."

बघा आता. अख्खा संसार मी मागच्या सीटवर बसून केला, तेव्हा रस्ता पुढचा ठरवायचा. आज हँडल माझ्या हातात आलं, तर रस्ता मागची ठरवते! आणि बदलायचं काय होतं हो? एक फ्यूज होल्डर!