दीर्घाची खूण

आनिवा : वहीत असंच लिहिलंय, आजी. हे बघ, तुपुना. अक्षर तुझंच आहे.

तिरिपा : अक्षर माझंच. पण तू एकाच माणसाला बोलावलंस.

आनिवा : म्हणजे?

तिरिपा : तुपुना म्हटलं की एक पूर्वज. तूपुना म्हटलं की सगळे. पहिला ‘तू’ दीर्घ. आता तासाभरात चाळीस माणसांची बस येईल, जो तो आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो छातीशी धरून उतरेल. तू एकाला ये म्हणशील, आणि बाकीचे बसतील फाटकाबाहेरच्या गवतात.

आनिवा : पण वहीत दीर्घाची खूण कुठेच नाही. पाहुण्यांना द्यायच्या हाकेची चारही पानं पाठ केलीत मी. ऑकलंडच्या माओरीच्या वर्गात बाई सांगायच्या, खूण असेल तिथेच लांबवायचं.

तिरिपा : आमच्यात कुणी खुणा करत नव्हतं, पोरी. वाचणाऱ्याला येतच होतं, मग खूण कुणासाठी करायची? माझी नात माझी भाषा वहीतून शिकेल, असं का वाटलं होतं मला लिहिताना?

रेवी : आत्या, येऊ का? खड्ड्यातल्या भट्टीवर माती ओढून झाली. डुकराचं मांस, रताळी, भोपळा, सगळं गाडलं. आणि स्पीकरही लावलाय अंगणात.

तिरिपा : स्पीकर कशाला?

रेवी : रिहारीच्या लग्नात तू पाहुण्यांना हाक दिलीस ना, ती माझ्या फोनमध्ये आहे. आनिवाला नाही जमलं तर ती वाजवायची. कमिटीत ठरलंय.

तिरिपा : कमिटीत म्हणजे तू आणि तुझा मेहुणा.

रेवी : त्याची बायकोपण होती. आत्या, तुझाच आवाज आहे, खणखणीत. हिवाळ्यात तुझा घसा बसला तो काही उठला नाही. पाहुण्यांना हाकेशिवाय आत कसं घ्यायचं? उभे राहतील बिचारे उन्हात.

तिरिपा : हाक दिली की समोरून त्यांची बाई उत्तर देते. त्या उत्तराला तुझा फोन काय बोलणार?

रेवी : तोवर आत येतील की.

तिरिपा : केरेओपांची पोरं पन्नास वर्षांनी या अंगणात पाय ठेवणार, आणि आपण त्यांना वऱ्हाड म्हणून बोलवायचं? रडत येतील ती, रेवी.

रेवी : मग वरच्या गावच्या मेरेआनाबाईंना आणतो गाडीतून. वीस मिनिटांचं काम.

तिरिपा : साखर उसनी आणावी. हाक नाही.

रेवी : मग मीच मारतो.

तिरिपा : बाप्याच्या हाकेला डुकरं येतात.

रेवी : ती तर भट्टीत गेली.

तिरिपा : म्हणून वाचलास. जा, बाकं पूस. आणि भांड्यांच्या फडक्याने पुसू नकोस, मी बघितलंय तुला.

आनिवा : आजी, त्याला वाजवू दे ना ते.

तिरिपा : का?

आनिवा : मी चुकेन. बसमधल्या म्हाताऱ्यांना येत असेल सगळं, त्यांना कळेल. आणि तरुणांना कळणार नाही, ते तर त्याहून वाईट. चुकीचंच खरं धरून बसतील.

तिरिपा : माझ्या पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. मावशी आजारी, म्हणून मला उभं केलं. हाकेत आपल्या नदीचं नाव दोनदा घेतलं आणि आपला डोंगर विसरलेच. म्हातारे आठवडाभर हसत होते. डोंगर काही जागचा हलला नाही.

आनिवा : तू ही भाषा ऐकत वाढलीस. मी नाही. आईला तू एक शब्द शिकवला नाहीस.

तिरिपा : नाही शिकवला.

आनिवा : मी भांडत नाहीये, आजी.

तिरिपा : भांड की. शाळेत माओरी शब्द तोंडातून निघाला की हातावर पट्टा बसायचा. मला वाटलं, माझ्या हुईयाच्या, तुझ्या आईच्या हातावर वळ नकोत. वळ उठले नाहीत. शब्दही उठले नाहीत. ते दार मी लावलं, माझ्या हाताने. आता पेन आण.

आनिवा : पेन कशाला?

तिरिपा : मी बोट ठेवते, तू खूण कर. इथे. इथे. इथे नको, तो ऱ्हस्वच आहे. त्याच्या पुढच्यावर दे.

आनिवा : आणि हा?

तिरिपा : तो मोठा. लाकडाची गिरणी बंद पडली ना, त्या वर्षी ही केरेओपा मंडळी गेली. एका ट्रकवर नऊ माणसं, वर गाद्या. मी तेव्हा आमचा तळणीचा पाव करत होते. हात पिठाचे, म्हणून बाहेर नाही गेले निरोप द्यायला. खोटं कारण होतं ते. हातांना पीठ असलं म्हणून काय झालं.

आनिवा : त्यातले किती परत येतायत?

तिरिपा : दोघं. बाकीचे फोटोत. म्हणून सांगते, तूपुना हा शब्द आखडून म्हणू नकोस. छातीत श्वास असेल तेवढा लांबव.

आनिवा : आणि श्वास संपला तर?

तिरिपा : घ्यायचा दुसरा. कुठे पळून जातायत ते? डोक्यावरचं पानांचं कडं जरा पुढे घे. अशी. मी तुझ्या मागेच आहे.

(फाटकाशी बस थांबते. माणसं उतरून गोळा होतात. वही बाकावर ठेवून आनिवा ओसरीच्या कडेला जाते. तिची हाक सुरू होते.)

रेवी : आत्या, फोन तयार ठेवलाय.

तिरिपा : बंद कर. टोपी काढ आणि नीट उभा राहा.

रेवी : थांबली बघ. विसरली.

तिरिपा : श्वास घेतेय.

रेवी : हं, लागली परत. आवाज चांगला आहे हिचा. आता समोरून कोण बोलतंय ती?

तिरिपा : ट्रकवर आईच्या मांडीवर होती, ती. एवढीशी होती. कुठे शिकली कोण जाणे.

रेवी : म्हणजे उत्तर आलं.

तिरिपा : आलं.

रेवी : खरं सांग, आनिवा चुकली का कुठे?

तिरिपा : दोन ठिकाणी.

रेवी : अगं, मग आता?

तिरिपा : समोर बघ की. माणसं येतायत.