सुपारीने तुटलेला शिक्का

तुम्ही हसाल, पण मालवणच्या तिकीट-प्रदर्शनात मला चक्क खोटं पाडलं होतं. गावच्या टपाल कचेरीत मी पंचवीस वर्षं शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर त्याच शिक्क्याची जुनी पाकिटं घरोघर फिरून जमवली आणि तिथे मांडली. परीक्षक टपाल-शिक्क्यांचा कॅटलॉग उघडून म्हणाले, "यात शिक्क्याचं वर्तुळ अखंड आहे, तुमच्या पाकिटांवर तुटलेलं. म्हणजे शिक्का बनावट."

"साहेब, ते मीच तोडलं. पानाची सुपारी त्याच शिक्क्याने फोडायचो."

"याला संदर्भ काय?"

मग मात्र माझी मालवणी सुटली. खिशातली सुपारी मी त्यांच्या कॅटलॉगवर आपटली. "संदर्भ? ही सुपारी, आणि ती फोडणारो हो मी. आता लिवन घेवा तुमच्या पुस्तकात!"